क्रूझचा एक दिवसाचा थांबा : अगत्तीच्या किनाऱ्यावर तो दिवस कसा घालवावा? (खानदेशकरांसाठी खास)

तापी-पूर्णा (भुसावळ)

मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर आम्ही घरची चार माणसं जाऊन आलो. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. जहाजाबद्दल यूट्यूबवर ढिगाने माहिती आहे. खोल्या कशा, जेवण कसं, रात्रीचे कार्यक्रम कसे, सगळं दाखवलेलं आहे, म्हणून त्यावर मी लिहीत नाही. पण जहाज लक्षद्वीपच्या ज्या अगत्ती बेटाजवळ थांबतं तिथला दिवस कसा घालवायचा, यावर मराठीत धड काही सापडलं नाही. आणि माझं स्पष्ट मत असं की सगळा प्रवास त्या एका दिवसासाठीच करायचा असतो.

पहिली गोष्ट, 'एक दिवस' म्हणतात तो पूर्ण दिवस नसतो. जहाज बेटाला लागत नाही, बाहेर खोल समुद्रात उभं राहतं. तिथून स्थानिक लोकांच्या छोट्या बोटींनी टप्प्याटप्प्याने आपल्याला नेतात आणि तसंच परत आणतात. आपला टोकन नंबर येईपर्यंत सकाळ निघून जाते, आणि शेवटची बोट दुपारीच असते. हातात राहतात पाच-सहा तास.

या पाच-सहा तासांत लोक काय करतात ते मी बघितलं. स्कूबाच्या रांगेत दीड तास, काचेच्या तळाच्या बोटीसाठी पुन्हा रांग, मग जेवणाची रांग, मग फोटो, आणि 'चला चला, बोट सुटेल'. इतक्या लांब येऊन पाण्यात मांडीभरसुद्धा न उतरलेली माणसं होती. माझं म्हणणं एवढंच की एकच काहीतरी ठरवा, ते जहाजावरच आदल्या दिवशी बुक करा, बेटावर पोचताच पहिलं उरका, आणि उरलेला सगळा वेळ एकाच किनाऱ्यावर, पाण्यातच काढा.

आम्ही फक्त स्नॉर्कलिंग घेतलं, म्हणजे नळीने श्वास घेत, तोंड पाण्यात घालून तरंगायचं. मुलीला पोहता येतं, मला येत नाही. लाइफ जॅकेट घालून, गाईडचा हात धरून मी तोंड पाण्यात घातलं. वर सगळा गलका चालू होता, आणि कान पाण्याखाली गेल्याबरोबर तो बंद होऊन एक बारीक तडतड ऐकू यायला लागली, सतत. समोर निळसर हिरवा, वीतभरापेक्षा मोठा मासा प्रवाळाच्या दगडाला तोंड लावून खरवडत होता. प्रत्येक चाव्याला खर्र असा आवाज येत होता. थोडं पुढे जाऊन त्याने मागून पांढरी भुकटी सोडली, धुरासारखी. गाईडने नंतर सांगितलं, हा पोपटमासा, आणि तुम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर उभ्या आहात त्यातली बरीचशी यांनीच दळलेली आहे. त्यानंतर त्या वाळूकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला आणि गुडघाभर पाण्यात चक्क बसल्या. पाच मिनिटांत बोटाएवढे मासे पायांभोवती जमले. तासभर त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतलं पाणी शे, नि प्यावाले थेंब नही."

ज्यांना जायचं आहे त्यांनी विचारा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला.

---

सातपुडा (यावल)

ताई, छान लिहिलंय. पण मनापासून विचारतो, एवढा खर्च करून पाच तासांसाठी जायचं, त्यापेक्षा तारकर्ली-मालवणला चार दिवस राहिलेलं काय वाईट? स्नॉर्कलिंग तिथेही होतं, मासे तिथेही आहेत, घरगुती जेवण मिळतं, आणि परतीच्या बोटीची घाई नाही.

---

तापी-पूर्णा

दादा, तारकर्ली मला फार आवडते आणि पैसे मोजकेच असतील तर मीही तिथेच जा म्हणेन. पण पाणी वेगळं आहे. कोकणात नद्या-खाड्या गाळ आणतात, त्यामुळे पाण्याखाली थोडंच अंतर दिसतं. लक्षद्वीपला एकही नदी नाही. गाळ आणणार कोण? म्हणून दोन पुरुष खोल पाण्यात तळाचा खडा न् खडा दिसतो. हे मी मालवण आणि अगत्ती दोन्हीकडे पाण्यात उतरून सांगतेय.

---

चोपड्याची मास्तरीण

भूगोल शिकवते, म्हणून राहवत नाही.

लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर. आपला एकटा जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटर आहे. वस्ती आहे ती १० बेटांवर, आणि अगत्ती त्यातलंच एक, अगदी चिंचोळं. ही कंकणद्वीपं आहेत. समुद्रातला ज्वालामुखी हळूहळू खाली खचत जातो आणि त्याच्या कडेने प्रवाळ वरवर वाढत राहतं, शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि प्रवाळाचं कडं उरतं. ही कल्पना डार्विनने १८४२ मध्ये मांडली. त्या कड्याच्या आतलं उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. ताईंच्या सासूबाई बसल्या होत्या ते हेच पाणी.

आता आपल्या लोकांसाठी खरी गंमत. अजिंठ्याच्या डोंगरात, पाटणादेवीला, आपल्या विहिरी खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरून तयार झाला. भूशास्त्रज्ञ मानतात की ज्या तप्तस्थळामुळे (पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येणारी जागा) हा लाव्हा वर आला, त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात डोंगरांची रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस त्या रांगेवर उभे आहेत. तेच तप्तस्थळ आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे वर पांढरी वाळू असली तरी खाली खोलात आपल्याच काळ्या दगडाचं भावंड आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

---

केळीबाग (रावेर)

मास्तरीणबाई, हे पहिल्यांदा ऐकलं. धन्यवाद.

तापी-पूर्णा ताई, मला तुमच्या सासूबाईंच्या वाक्याने पकडलं. मग तिथले लोक पितात काय? आमच्या रावेर-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला बोअर खाली खाली चालल्या आहेत, केळीला पाणी पुरवता पुरवता जीव जातो. नदी नाही, धरण नाही, चारी बाजूंनी खारं पाणी. विहिरी आहेत का तिथे?

---

तापी-पूर्णा

दादा, हाच प्रश्न सासूबाईंनी तिथल्या एका माणसाला माझ्यामार्फत हिंदीत विचारला. त्याने घराच्या मागची विहीर दाखवली. आपल्या नजरेला ती विहीर वाटतच नाही, इतक्या वर पाणी. वाकलं की हाताला लागेल असं.

---

चोपड्याची मास्तरीण

त्याचं कारण असं. पावसाचं पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूतून खाली मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. थर पातळ असतो. पंप लावून जास्त उपसा केला की खालून खारं वर येतं आणि विहीर बिघडते. तुमच्याकडे बोअर आणखी खोल नेता तरी येते, तिथे खोल जाणं म्हणजे समुद्रात जाणं.

म्हणून सरकारने समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभारले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पहिला २००५ मध्ये कवरत्तीला, मग २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला. वरच्या थरातलं कोमट पाणी हवेचा दाब कमी करून उकळवतात, आणि ती वाफ थंड करायला काही शे मीटर खोलातलं गार पाणी वर खेचतात. रोज लाखभर लिटर गोडं पाणी मिळेल अशी क्षमता. दिवसभराच्या पाहुण्यांनी तिथे नळाखाली मनसोक्त अंघोळ करताना हे लक्षात ठेवावं. अंगावरचं मीठ जहाजावर जाऊन धुवा.

---

केळीबाग

हे मुलांना दाखवायलाच नेतो आता. केळी लागवडीच्या हंगामांचं, मृगबाग-कांदेबाग, ऐकत वाढलेली पोरं आहेत, पाण्याचा हिशोब त्यांना लगेच कळेल.

---

अमळनेरी दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आहे. दोन-चार गोष्टी कामाच्या सांगतो.

मुंबई ते अगत्ती साधारण ९०० किलोमीटर. जहाज ताशी १८ नॉटने, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटरने चाललं तरी सुमारे सत्तावीस तास लागतात. बेटाजवळ जहाज का लागत नाही? कारण प्रवाळाच्या कड्याबाहेर तळ एकदम खोल जातो, आणि कड्याच्या आत जहाजापुरतं पाणी नाही. लगूनमध्ये शिरायला कड्यात ठरावीक वाट असते, तिथून छोट्या बोटीच जातात. भरती-ओहोटीचा फरक मुंबईत चार-पाच मीटरपर्यंत जातो. लक्षद्वीपला जेमतेम एक-दीड मीटर. पण लगून इतकं उथळ की तेवढ्यानेही फरक पडतो. ओहोटीला प्रवाळ पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतं, पोहताना पोट-गुडघे खरचटतात. जाण्याआधी त्या दिवशीची भरतीची वेळ बघून ठेवा आणि स्नॉर्कलिंग शक्यतो भरतीच्या आसपास घ्या.

सर्वांत महत्त्वाचं, थांबा रद्द होऊ शकतो. जहाजातून छोट्या बोटीत माणसं उतरवताना लाट मोठी असेल तर कॅप्टन उतरवत नाही, आणि त्याने तसंच करायला हवं. दोन हलत्या बोटींच्या मधे पाय अडकला तर पाय जातो. डिसेंबर ते मार्च समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. मे-अखेरपासून पावसाळा, तेव्हा विचारच नको. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. शेवटची बोट चुकवू नका.

---

गिरणामाई (चाळीसगाव)

आमचा थांबा असाच रद्द झाला होता. समुद्र खवळलेला, कॅप्टनचा निर्णय, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्याने 'बेटावर उतरणं पक्कं' असं तोंडी सांगितलं होतं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. आई दोन दिवस रडवेली होती. छापील अटींत 'हवामानानुसार थांबा बदलू शकतो' असं लिहिलेलं असतं, ते बुकिंगच्या आधी वाचा आणि घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

---

नवापूरची लेक (नंदुरबार जिल्हा)

ताई, दोन प्रश्न. आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही, आणि स्विमिंगचे कपडे आम्ही कधी घातलेले नाहीत. पंजाबी ड्रेसवर पाण्यात गेलं तर चालेल का? लोक बघत बसतात का?

---

तापी-पूर्णा

अगदी निर्धास्त जा गं. तिथली वस्ती जवळपास सगळी मुस्लिम आहे, अंगभर कपड्यांचीच तिथे रीत आहे. उलट तोकडे कपडे गावाच्या बाजूला शोभत नाहीत. सुती पंजाबी ड्रेस भिजला की जड होतो, पायात येतो. त्याऐवजी लेगिंग आणि लांब बाह्यांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घाल. ओढणी नकोच, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत गुंतते. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट, गाईड आणि लगूनच्या आतलं पाणी, या तिन्ही गोष्टी सोडायच्या नाहीत. कड्याबाहेर कितीही सुंदर दिसलं तरी नाही.

आणि हो, बेटावर दारूबंदी आहे. बंगाराम हे बेट सोडलं तर लक्षद्वीपमध्ये कुठेच चालत नाही. जहाजावरची बाटली पिशवीत टाकून उतरायचा विचार कुणी करू नये.

---

पांझराकाठ (धुळे)

डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांबलचक.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे आपल्याला वाटतं ऊन म्हणजे काय ते आम्हाला विचारा. पण खानदेशचं ऊन चटका देतं, म्हणून आपण डोक्याला रुमाल बांधतो, सावली शोधतो. किनाऱ्यावर वारा गार, पाणी गार, तापमान तीस-बत्तीस. चटका जाणवतच नाही. आणि वरून ऊन, खालून पांढऱ्या वाळूवरून आणि पाण्यावरून परत आलेलं ऊन. स्नॉर्कलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या तासभर उघड्या राहतात. अशा सहलींवरून आलेल्यांच्या पाठीची साल निघालेली मी दवाखान्यात बघतो. ताई म्हणतात तो लांब बाह्यांचा टी-शर्ट हाच सगळ्यात चांगला उपाय.

मधुमेह असलेल्यांनी किनाऱ्यावर अनवाणी मुळीच चालू नये. पायाला बधिरपणा असतो, प्रवाळाचा तुकडा घुसला तरी कळत नाही, आणि ती जखम चिघळते. मागे पट्टा असलेली रबरी चप्पल पाण्यातसुद्धा घालूनच ठेवा. खरचटलंच तर पिण्याच्या पाण्याने नीट धुवा, आतला कण राहू देऊ नका. जेवण तिथे उशिरा मिळू शकतं, म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात बिस्किटं ठेवावीत. बोट लागण्यावरची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, निघण्याआधी घ्यायची. वयस्करांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि त्या गुंगीत हलत्या बोटीत चढणं धोक्याचं.

---

अरुणावती (शिरपूर)

मी गोव्यात सागरी जीवशास्त्र शिकले, म्हणून प्रवाळाबद्दल बोलल्याशिवाय धागा पुढे जाऊ देणार नाही.

प्रवाळ म्हणजे दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. समुद्राचं पाणी बराच काळ नेहमीपेक्षा तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला मोठ्या प्रमाणावर झालं. सावरायला वर्षं लागतात आणि मधली सवड कमी होत चालली आहे. अशा आजारी जीवावर आपण पाय देऊन फोटो काढतो. कृपा करून त्यावर उभे राहू नका. दमलात तर पाठीवर उताणे तरंगा, जॅकेट आहेच.

सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळाला घातक ठरतं, म्हणून अमेरिकेतल्या हवाई राज्याने २०२१ पासून ते असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. घ्यायचंच तर झिंक ऑक्साईडचं घ्या, आणि अंग कपड्याने झाका म्हणजे लावायलाच कमी लागेल.

प्रवाळाचा तुकडा, मोठा शिंपला, समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव), कासव, यातलं काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. मेलेलं, किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळसुद्धा पिशवीत टाकायचं नाही. साधा रिकामा शंखही राहू द्या, शंखातल्या खेकड्याला घर लागतं. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं समुद्री गवत चरायला येतात. दिसलं तर जागेवर थांबा, मागे पोहू नका. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, आपण वर घेराव घातला तर ते येणार कुठून?

---

सातपुडा

अरुणावती, मग पर्यटकांनी जाऊच नये असं नाही का होत? शेकडो माणसं एका दिवशी त्या एवढ्याशा बेटावर. माझा मूळ आक्षेप खरं तर हाच होता.

---

अरुणावती

आक्षेप रास्त आहे, दादा. मला स्वतःला छोट्या संख्येने, जास्त दिवस राहणं जास्त बरं वाटतं. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' संस्थेच्या सहली असतात. त्यांच्या 'समुद्रम' सहलीत एम. व्ही. कवरत्ती जहाजाने पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय दाखवतात. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. ज्यांना रजा मिळते त्यांनी तो पर्याय जरूर बघावा. पण बोट चालवणारे, गाईड, नारळपाणी विकणारे यांचं पोट पाहुण्यांवर आहे, आणि ज्यांचं पोट जिवंत प्रवाळावर आहे तेच ते उद्या राखतील. पाहुण्याने नीट वागावं, एवढा माझा आग्रह.

---

तापी-पूर्णा

सातपुडा दादा, गर्दीचं मलाही खटकलं. बोट जिथे उतरवते तिथेच बहुतेक लोक थांबतात. आम्ही विचारून, परवानगी असलेल्याच हद्दीत थोडं बाजूला गेलो, तर माणसं विरळ झाली. कचरा मात्र आमचा आम्ही परत आणला, सगळा. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, सगळं जहाजावर. त्या बेटाला कचरा टाकायला जागा नाही.

जेवणाचं कुणी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं. तिथलं मुख्य खाणं ट्यूना मासा, नारळ आणि भात. शाकाहारी लोकांना भात, डाळ, खोबरं घातलेली भाजी मिळाली, चव आपल्यापेक्षा सौम्य. सासूबाईंनी शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीची पुडी बाळगली होती, ती भातावर घेतली. वाढणाऱ्या मुलाने चाखली, पाणी प्यायला आणि पुन्हा मागितली.

---

नवापूरची लेक

वयस्करांना त्या छोट्या बोटीत कसं उतरवलं? माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात.

---

तापी-पूर्णा

दोन खलाशी दोन्ही दंड धरतात. लाट बोटीला वर आणते त्या क्षणी ते 'अभी' म्हणतात, तेव्हाच पाय टाकायचा. आधी नाही, नंतर नाही, आणि हात मोकळे हवेत. पर्स, मोबाईल, काठी आधी दुसऱ्याकडे द्या. सासूबाईंना जमलं. पण पायऱ्या चढ-उतर करताना वडिलांचा गुडघा लचकत असेल तर त्यांना जहाजावरच राहू द्या, आणि हे बुकिंग करतानाच बोलून घ्या. आग्रह करून नेऊ नका.

---

केळीबाग

ताई, फेब्रुवारीचं बघतोय, चार जण. परमिटसाठी आपण काय करायचं? आणि रावेरहून मुंबई कशी गाठायची?

---

तापी-पूर्णा

दादा, लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझने जाताना तो कंपनी काढते, आपण कागद द्यायचे. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लिहायची पद्धत असल्याने इथे घोळ होतात. मुलांचंही ओळखपत्र लागेल. मूळ कागद सोबत ठेवा, झेरॉक्सवर विसंबू नका.

भुसावळहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी मुंबईत. सीएसएमटीवरून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीने जवळच आहे. पण निघायच्या दिवशीच पोचेल अशी गाडी घेऊ नका. एक दिवस आधी जाऊन नातेवाइकांकडे राहा. गाडी रखडली तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही.

बेटावर उतरताना चौघांत एकच पिशवी न्या. त्यात टॉवेल, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पाणी, गोळ्या, टोपी आणि थोडी सुटी रोख रक्कम. मोबाईलचं नेटवर्क तिथे भरवशाचं नाही, ऑनलाइन पैशांवर अवलंबून राहू नका.